दुसऱ्या टप्प्यातली गिरणी

क्वार्टर मिळालं तेव्हा पुंजारामचा अर्धाच जीव भांड्यात पडला. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर तो फिटर. दोन वर्षं त्याने बेटेगावात चौघांच्या खोलीत वळकटी टाकून आणि खानावळीत जेवून काढलेली. आता नव्या वसाहतीत, पहिल्या मजल्यावर, नळ आणि विजेसकट पक्कं घर. उरलेला अर्धा जीव नगर जिल्ह्यातल्या गावी बायकोपाशी, रत्नाबाईपाशी अडकला होता. बाई यायला तयार होईना. शेवटी आली ती जातं घेऊनच. करमलं नाही तर मी आणि जातं दोघं परत जाऊ, असं तिने बोईसर स्टेशनातच बजावलं. पुंजाराम हसला. नवऱ्याने अशा वेळी हसू नये.

साल अडुसष्ट, महिना जानेवारी. कोयनेच्या भूकंपाला महिना उलटला होता, पण लोकांच्या मनातली धास्ती काही गेली नव्हती. रत्नाबाई पहाटे उठली, जातं मांडलं आणि बाजरी दळू लागली. गावी जात्याखाली भुई असते. इथे जात्याखाली तात्या होते.

तात्या तळमजल्यावर राहायचे; जवळच्याच दातिवऱ्याचे, प्रकल्पाच्या गोदामात कारकून. त्यांच्या फळीवरची भांडी किणकिणू लागली, छत घुमू लागलं आणि ते बायकोचा हात धरून बनियनवरच बाहेर पळाले. त्यांची आरोळी ऐकून अख्खी इमारत मैदानात जमली. चादर गुंडाळलेला पुंजारामही त्यात होता. बायको वरच राहिली हे त्याला खाली आल्यावर आठवलं. तेवढ्यात रत्नाबाई खिडकीत आली. एवढ्या थंडीत सगळे कुठे निघालात, असं तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा दळायला बसली. घरघर सुरू झाली तशा सगळ्यांच्या नजरा पुंजारामकडे वळल्या.

वसाहतीच्या साहेबांनी निरोप धाडला, रविवारपर्यंत जातं हलवा, नाहीतर क्वार्टर सोडा. पुंजारामने बायकोला परोपरीने समजावलं. ती एका शब्दाने भांडली नाही, मुकाट्याने गाठोडं बांधू लागली. भांडली असती तर बरं झालं असतं. पुन्हा ती खानावळ, पुन्हा ती वळकटी. ती हवी होती त्याला, जात्यासकट हवी होती.

तो तिला घेऊन साहेबांकडे गेला. तक्रारदार म्हणून तात्या तिथे आधीच बसले होते. साहेब माणूस वाईट नव्हता. नकाशा त्याने भिंतीवर कौतुकाने लावला होता आणि तो दाखवल्याशिवाय कुणाला सोडायचा नाही. ही शाळा, हा दवाखाना, हे मैदान, ही झाडं. झाडं अजून लावायची होती. रत्नाबाईने सगळं बघितलं आणि विचारलं, "दळायचं कुठं?"

बोईसरची गिरणी भाताची, तिथे बाजरीला कुणी उभं करत नव्हतं. साहेबाने सांगितलं, पिठाची गिरणी आहे ना, दुसऱ्या टप्प्यात आहे. दोन-तीन वर्षांत होईल.

"आन् तवर? जेवायचं बी दुसऱ्या टप्प्यातच का?"

 साहेब म्हणाला, वरच्या मजल्यावर जातं चालणार नाही, तळमजल्यावर चालेल. वसाहतीत तळमजला एकही रिकामा नव्हता. रत्नाबाई जायला उठली.

तेव्हा तात्या खाकरले. तीन रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. जरा खुट्ट झालं की दचकून उठायचे.

"मी वर जातो, तुमी खाली या," ते म्हणाले. "मग कदी हललं तर तो खरा भूकंप हाय असं तरी कळंल."

साहेबाने सुटलो म्हणून ताबडतोब होकार दिला. रविवारी दोन्ही बिऱ्हाडांची भांडीकुंडी जिन्यावरून वरखाली झाली. तात्यांच्या बायकोने जाता जाता, आमचे तांदूळपण कधीतरी दळून द्या, असं सांगून ठेवलं.

सोमवारी पहाटे पुंजारामला जाग आली ती घरघरीने. छत शांत होतं. रत्नाबाई ओवी गात होती. तिच्या ओव्यांत माहेर यायचं, सासर यायचं, भाऊ यायचा. आज तिने नवीच घातली होती.

"बोईसर माझं गाव, खारं वारं येतं दारी,
जात्याखाली भुई माझ्या, वर झोपला शेजारी."

पुंजाराम झोपेचं सोंग घेऊन पडून राहिला. उठलो तर ती गायची थांबेल, असं त्याला वाटलं.