बघू

सरका, जरा जवळ बसा. एका थेंबाची गोष्ट सांगते.

प्रयोगशाळेत थेंब ब्युरेटच्या काचनळीच्या टोकाशी लोंबतोय – फुगतो, थरथरतो... सुटला. पीएच मीटरवरचा आकडा चढला. तिचा हात सवयीने पुढच्या थेंबाकडे गेला आणि थबकला. 'मुरू दे गं,' बाई म्हणायच्या. तिला हे काम शिकवणाऱ्या बाई. अहवालात 'मुरवले' लिहू का, असं कुणी चिडवलं, तर म्हणत, लिही की, कळायचं त्याला कळेल.

चंचुपात्रात लांब धाग्यांसारखे रेणू. धाग्याच्या एका टोकाला पाण्याची ओढ, दुसरं पाण्याला भिणारं. भित्री टोकं एकमेकांना बिलगून एक गोळा बनवतात, ओढीची बाहेर पिसारतात. आम्ल दोन्ही टोकांत. बाहेरचं आम्ल अल्कलीचा थेंब पडताच सुटतं, विद्युतभार घेतं, आतलं... आतल्याला वेळ लागतो. शिवाय सुटलेला प्रत्येक जण शेजाऱ्याचं सुटणं अवघड करतो. लोकांना चढलेला आकडाच खरा वाटतो.

सकाळी दादाचा फोन. अण्णा माझ्याकडे यायला तयार आहेत, संध्याकाळी त्यांच्या घराची किल्ली नव्या माणसांना देऊन टाकतो, तुझं काय म्हणणं? रविवारी तिनेही वडिलांना विचारलं होतंच – अण्णा, दादाकडे जाणार ना, करमेल ना, औषधं भरली ना – एका श्वासात तीन थेंब. अण्णा म्हणाले होते, "बघू." दोघा भावंडांनी त्याचा 'हो' करून टाकला.

पण आईला 'बघू' कळायचं. कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणायची, काहीतरी म्हणा ना. अण्णा म्हणत, बघू. ती पुन्हा विचारायची नाही. चादरीची टोकं जुळवत राहायची, मी – हो, ही 'ती' मीच – दुसरं टोक धरून उभी... आणि शेवटची घडी पडता पडता पलीकडच्या खोलीतून अण्णांची गुणगुण सुरू व्हायची. आई माझ्याकडे बघून, आलं उत्तर, अशी नुसती भुवई उडवायची.

आकडा उतरू लागला होता. हळूहळू, कुणी हात न लावता. आतलं आत्ता कुठे सुटत होतं. गोळा सैलावत असेल.

तिने फोन लावला.

"अण्णा, तुम्हाला जायचंय का?"

"बघू."

जिभेवर आलेला दुसरा प्रश्न तिने गिळला. पलीकडे खुर्ची करकरली. श्वास. फोन ठेवल्याचा आवाज नाही. तिच्या मोकळ्या हाताची बोटं नकळत चादरीचं टोक धरल्यासारखी मिटली.

तुम्हाला आज कुणी 'बघू' म्हणालं, तर घड्या घालत थांबणाऱ्या माझ्या आईची तेवढी आठवण ठेवा.