सोयऱ्यांसमोर भरलेला टॅक्स

भवानीबाईंचं बूड एका जागी ठरत नव्हतं. पीठ चाळायला बसत आणि अर्ध्यावर उठत. दारापर्यंत जात, रस्ता बघत, रस्त्यावर बघण्यासारखं काही नसे. मग परत येऊन चाळणी हातात घेत आणि पुन्हा उठत.

"आत्याबाई, मागे कुत्रं लागलंय का तुमच्या?" रुची म्हणाली. रुची त्यांची भाची, भाऊ गणोजीची एकुलती एक. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून भवानीबाईंनीच वाढवलेली.

"कुत्रं असतं तर हाकललं असतं," भवानीबाई म्हणाल्या आणि पुन्हा दारात गेल्या.

त्यांची पेन्शन थांबली होती, गरीब विधवांना सरकार देतं ती. नवरा गेल्यावर त्या धारला धाकट्या भावाच्या घरी आल्या, तेव्हापासून ती दर महिन्याला बँकेत येत होती. फार नव्हती, पण त्यांची होती. तिच्यातून डोळ्यात घालायच्या औषधाची कुपी येई. काचबिंदू आहे, थेंब चुकवायचे नाहीत, गेलेली नजर परत येत नाही, असं इंदूरच्या डॉक्टरने बजावून सांगितलं होतं. आता कुपी तळाला गेली होती. भवानीबाई एक दिवस उजव्या डोळ्यात थेंब घालत, एक दिवस डाव्या. दोन्ही डोळे आपलेच, कायमचा उपाशी कोणाला ठेवणार?

नगरपालिकेच्या खिडकीवर त्या जाऊन आल्या होत्या. खिडकीतल्या पोरीने अंगठा घेतला, संगणकात बघितलं आणि म्हणाली, "अम्माजी, आपके परिवार में इनकम टैक्स भरने वाला है. इसलिए बंद हुई."

"कौन भरता है?"

"गणोजी. भाई हैं ना आपके?"

भवानीबाईंना खिडकीतच हसू फुटलं. मागची रांग मान वाकडी करून बघायला लागली. "अरे बेटा, वो ब्याह में साफे बांधता है. ब्याह का मौसम गया कि घर में बैठकर खुद का ही सिर खुजाता है."

"मैं क्या करूँ, अम्माजी? सर्वे में खुद ने लिखवाया है. अब वो खुद आकर लिखकर दें कि नहीं भरते. दो जान-पहचान वालों की गवाही लगेगी. फिर जाँच होगी."

हसू ओठांवरच वाळलं. खुद ने लिखवाया म्हटल्यावर त्यांना तो दिवस आठवला. गणोजीने टॅक्स कधी भरला, कुठे बसून भरला, कोणासमोर भरला, सगळं त्यांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं. त्या तेव्हा आत पोह्यांवर शेव भुरभुरवत होत्या.

त्या दिवशी रुचीला बघायला देवासचे पाहुणे आले होते. उदाजीराव, त्यांची बायको सरला आणि मुलगा अर्पित. उदाजीरावांचे पूर्वज देवासच्या थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या संस्थानाच्या, पागेत घोडे राखत, आणि ती पागा अजून भरलेली असल्यासारखे उदाजीराव बसत, पाय फाकवून, मांड घट्ट. गणोजीचे पूर्वज धारच्या दरबारात फेटे बांधत. एकाच्या घराण्याने घोडा धरायचा, दुसऱ्याच्या घराण्याने डोकं. तलवार दोन्ही घरांत कधी नव्हती, पण बोलणं तलवारीचं.

नेमका तेव्हाच घरोघर नोंदी घेणारा सर्वेवाला दारात उभा राहिला. त्याला नंतर ये म्हणायचं, तर गणोजीने आत बोलावून बसवलं, पोह्यांची बशी दिली. सरकारी माणूस घरी येतो, हेही पाहुण्यांना दिसू दे.

"फोर व्हीलर है?" सर्वेवाल्याने विचारलं.

"दसरे को लेने वाले हैं," गणोजी म्हणाला.

"मतलब अभी नहीं." त्याने मोबाइलवर बोट मारलं. "इनकम टैक्स भरता है कोई घर में?"

गणोजी नाही म्हणणारच होता. पण उदाजीराव मिशीवरची शेव झटकत म्हणाले, "आमच्या अर्पितचा तर दर बिलाला टॅक्स कटतो हो. सरकारला आमच्याशिवाय करमतच नाही."

बाहेरून गणोजीचा आवाज आला, हवा त्याहून मोठा. "लिखो भिया, हम भी भरते हैं."

भवानीबाईंचा हात शेवेच्या डब्यात तसाच राहिला. पण पाहुणे बसलेले असताना सख्ख्या भावाला खोटं कोण पाडणार? त्या दिवशी सुपारी फुटली. लग्न तुळशीच्या लग्नानंतर करायचं ठरलं.

खिडकीवरून आल्या त्या तशाच गणोजीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. तो ओसरीवर फेट्याच्या कापडाला खळ देत होता.

"गणू, तू टॅक्स भरतोस म्हणे."

तो समजला. मान वर केली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अक्का, पोरीचं लग्न होऊ दे. मग जाऊन सांगतो."

"लग्न कार्तिकात. आता आषाढ चाललाय."

"पण साक्षीला कोणाला नेऊ? गल्लीतल्या कोणालाही नेलं तरी गोष्ट संध्याकाळी इंदूरला आणि सकाळी देवासला. उदाजीराव काय म्हणतील? लबाडाची पोरगी."

"लबाडी तर केलीसच."

"अक्का!"

"ओरडू नकोस. कापड फाटेल."

"तुझं औषध मी आणतो ना."

"कशातून?"

गणोजी पुन्हा कापडाला खळ देऊ लागला. पावसाळ्यात लग्नं नाहीत, आणि हल्ली पोरं दुकानातून शिवलेला फेटा आणून टोपीसारखा डोक्यावर ठेवतात. एका डोळ्याचा उपास रोज चाललाय हे त्याला माहीत नव्हतं. भवानीबाईंनी सांगितलंही नाही. भावाच्या छपराखाली राहून भावाकडेच डोळे मागायचे, हे त्यांना जमेना.

तसेच काही दिवस गेले. बसल्या की उठावंसं वाटे, उठल्या की कुठे जायचं ते सुचेना. मग एका सकाळी त्या तुळशीला पाणी घालत होत्या, आणि पाणी पडल्याचा आवाज फरशीवरून आला. तांब्या वृंदावनाच्या बाहेर रिता झाला होता. त्यांनी मान वळवून बघितलं तेव्हा तुळस दिसली. मान वळवली नसती तर दिसली नसती.

त्या आत आल्या आणि कढई चढवली. आखाड तळायचाच होता. कापण्या केल्या, तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, डबा भरला आणि गणोजीला म्हणाल्या, "देवासला माताजीच्या टेकडीवर जाऊन येते. आणि आखाडाचं तळण सोयऱ्यांकडे देऊन येते."

"तेवढंच ना?" गणोजीने विचारलं.

"तळण थंड होतंय," भवानीबाई म्हणाल्या.

बसमध्येही चैन नव्हतं. डबा मांडीवर घेतला, मग पायाशी ठेवला, मग शेजारणीचा पाय लागेल म्हणून पुन्हा मांडीवर घेतला. इंदूरला बस बदलायची होती. तिथे धारला परत जाणारी बस समोरच भरत होती. "आओ अम्मा, खिड़की वाली सीट है," कंडक्टर म्हणाला. भवानीबाईंनी एक पाय पायरीवर ठेवलासुद्धा. मग काढून घेतला.

देवासला टेकडीला त्यांनी खालूनच हात जोडले. वर चढून देवीला सांगितलं असतं तर तिथेच मन हलकं झालं असतं, आणि खाली उतरून जे सांगायचं ते राहून गेलं असतं.

उदाजीरावांचं घर दोन खोल्यांचं निघालं. पागा नव्हती, दारात अर्पितची जुनी मोटारसायकल होती. सरलाबाईंनी डबा घेतला, पाणी दिलं, चटई टाकली. "बसा आत्याबाई. एवढ्या लांबून आलात."

"बसत नाही."

"धारमध्ये बसायची पद्धत नाही वाटतं?" खाटेवरून उदाजीराव म्हणाले.

"बसले तर बोलणार नाही," भवानीबाई म्हणाल्या. "उदाजीराव, माझा भाऊ टॅक्स भरत नाही. त्या दिवशी तुमच्यासमोर मान राखायला बोलला. टॅक्स लागावा एवढं त्याला कधी मिळालंच नाही. त्याच्या बोलण्याने माझी पेन्शन गेली, आणि आता माझे डोळे चाललेत. खरं लिहून द्यायचं तर गोष्ट तुमच्यापर्यंत येणार, म्हणून मीच घेऊन आले. रुचीला यातलं काही ठाऊक नाही. सोयरीक ठेवायची की मोडायची, तुम्ही ठरवा."

उदाजीराव खाटेवरून उतरले. "म्हणजे घरी बोलावून, पोहे खाऊ घालून फसवलं आम्हाला!"

"फसवलं," भवानीबाई म्हणाल्या.

कबूल केल्यावर पुढे काय बोलायचं असतं ते उदाजीरावांना ठाऊक नव्हतं. ते मिशीला हात लावून उभे राहिले. मघाशीच अर्पित जेवायला आला होता, हाताला काळं ग्रीस. तो दारातच थबकला होता.

"बाबा, आता आपलं पण सांगा," तो म्हणाला.

"तू मधे बोलू नको."

"आत्याबाई, माझा टॅक्स कटतो हे खरं. मी कारखान्यात बिलावर मशीन दुरुस्त करतो, पक्की नोकरी नाही. ठेकेदार बिलातून थोडा काटून सरकारात जमा करतो. पण माझी सालभराची कमाई तेवढी नाहीच. रिटर्न भरलं की कटलेलं वापस मिळतं. महिनाअखेर आखरी तारीख आहे. दरसाल म्हणतो, दरसाल तारीख जाते."

"मग भरत का नाहीस?"

"बाबा भरू देत नाहीत."

"का देऊ?" उदाजीराव उसळले. "सरकारच्या दारात जाऊन सांगायचं, की माझा मुलगा टॅक्स देण्याच्या लायकीचा नाही? आमच्या घराण्यात दिलेलं परत घेत नाहीत."

"घराण्यात पावसाळ्यात छत गळतं, ते चालतं," सरलाबाई म्हणाल्या.

उदाजीरावांनी कोणाकडे बघितलं नाही. "मला विचार करावा लागेल," एवढं म्हणून चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. सरलाबाईंनी जेवायचा आग्रह केला. भवानीबाईंनी पुरीचा एक तुकडा तोंडात टाकला आणि तोंडातच फिरवत राहिल्या.

घरी येऊन त्यांनी गणोजीला सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. घडी केलेला फेटा उलगडला, पुन्हा घडी केली, पुन्हा उलगडला. "मोडलंस, अक्का," एवढंच म्हणाला. रुची दारामागे उभी होती. ती आत आली नाही.

आता घरात तिघांचं बूड ठरेना. फोन वाजला की गणोजी धावे, मोबाइल कंपनीचा असे. भवानीबाई दारात, गणोजी ओसरीवर येरझारा, रुची गच्चीवर. देवासहून ना हो आलं, ना नाही.

एका सकाळी भवानीबाई कुपी उलटी धरून टिचक्या मारत होत्या. कसाबसा एक थेंब डोळ्यात पडला आणि त्या कुपी बंद करायला लागल्या. गणोजी म्हणाला, "दुसरा डोळा राहिला की."

"आज दुसऱ्याचा दिवस नाही," त्या बोलून गेल्या.

"म्हणजे?"

मग सांगावं लागलं. गणोजी ऐकत राहिला. ओल्या फेट्यासारखा त्याचा चेहरा खाली ओघळला. जरा वेळाने उठला, खुंटीवरची टोपी घेतली आणि म्हणाला, "चल."

"कुठे?"

"खिडकीवर. साक्षीला कोपऱ्यावरचे अण्णा तांबट येतील. दुसरा तिथे बघू. रस्त्यातला कोणीही चालेल, सगळ्यांना दिसतंच आहे मी काय भरतो ते."

नंबर लागेपर्यंत दुपार झाली. खिडकीवर तीच पोरगी होती. अण्णांनी सही केली. "दूसरा गवाह?" तिने विचारलं. गणोजी रांगेकडे वळला. ओळखीचे बरेच होते, पण प्रत्येकाला आपला नंबर जाईल याची काळजी. भवानीबाई एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत्या.

तेवढ्यात फाटकाशी जुनी मोटारसायकल थांबली. पुढे अर्पित, मागे धुळीने पांढऱ्या झालेल्या मिशा. रुचीने सकाळीच फोन केला होता, आत्याबाई आणि बाबा खिडकीवर जातायत म्हणून.

उदाजीराव रांग ओलांडून पुढे आले. "काय हो व्याही, साक्षीला माणूस मिळत नाही? एवढीच का धारमध्ये तुमची पत?"

गणोजीने काही म्हणायला तोंड उघडलं, पण तो व्याही या शब्दापाशीच अडकला होता.

"अंकल, आप इनको कैसे जानते हैं?" पोरीने विचारलं.

"समधी हैं हमारे."

"और आप," तिने गणोजीला विचारलं, "इनकम टैक्स भरते हैं?"

तोच प्रश्न, तेच पाहुणे. गणोजीने टोपी काढली, पुन्हा घातली. "नहीं भरते," तो म्हणाला. "कभी नहीं भरा. झूठ लिखवाया था."

उदाजीरावांनी सही केली आणि पेन खाली ठेवता ठेवता म्हणाले, "हमारा लड़का भी नहीं भरता. उसका कटता है. वापस लेने वाले हैं, कल ही ऑनलाइन वाले के पास जाएगा."

"वो मैंने नहीं पूछा, अंकल."

"हम बता रहे हैं."

मागची रांग हसली. उदाजीरावांनी मागे वळून तिच्याकडे असं बघितलं, की पागेतले घोडे असते तर गप्प झाले असते. माणसं होती, हसत राहिली.

"अब जाँच होगी," पोरगी म्हणाली.

"कब?" भवानीबाईंनी विचारलं.

"हो जाएगी, अम्माजी."

हो जाएगीला तारीख नसते. बाहेर बाकडं होतं. उदाजीराव म्हणाले, "आता तरी बसा, आत्याबाई."

"आधी औषधाचं दुकान," भवानीबाई म्हणाल्या आणि चालूसुद्धा लागल्या.

दुकानात गणोजीने आतल्या खिशातून घडी केलेल्या नोटा काढल्या. नवरदेवाच्या रेशमी फेट्याच्या कापडासाठी त्याने त्या बाजूला ठेवल्या होत्या, हे भवानीबाईंना ठाऊक होतं. त्याने त्या दुकानदारासमोर ठेवल्या आणि उदाजीरावांकडे न बघता विचारलं, "सुती फेटा चालेल का हो तुमच्याकडे?"

"चालेल," उदाजीराव म्हणाले. "पण बांधायचा तुम्ही. शिवलेला आणलात तर परत पाठवीन."

भवानीबाईंनी घरी जायची वाट बघितली नाही. दुकानाच्या पायरीवरच कुपीचं झाकण फोडलं, मान मागे टाकली. थेंब उजव्या डोळ्यात पडला. मग त्यांनी कुपी डाव्यावर धरली.