सातव्या भोकाचे अश्रू

सातव्या हिरवळीवरच्या मुठीएवढ्या भोकाभोवती दीडशे माणसं हात जोडून उभी होती, आणि त्यातली निम्मी गोल्फच्या पांढऱ्या बुटांत. क्लबात नव्यानंच अवतरलेल्या महाराजांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून डोळे मिटले, हात वर केला, आणि बरोबर पावणेआठला भोकातून पाणी बुडबुडत वर आलं. आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता.

"भूमाता रडते आहे," महाराज म्हणाले. "रोज फावड्यानं तिला टोचतात. तो टोचणारा गेला की अश्रू थांबतील."

टोचणारा म्हणजे तळेकाका. मैदानाचं तळं आणि जमिनीखालचे निचऱ्याचे पाइप हा माणूस बावीस वर्षं सांभाळत होता. त्याचं खरं नाव आता बायकोखेरीज कुणाला आठवत नसे. आठवड्याच्या रजेवरून ते परतले, तर क्लबचे सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "काका, सोमवारपासून येऊ नका. माझा विश्वास नाही हो, पण सभासदांचा आहे."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याहून जास्त एक किडा डोक्यात वळवळायला लागला. रोज पावणेआठलाच का? मातेला घड्याळ कशाला लागतं? साडेसातला सहाव्या भोकाजवळच्या टेकाडावरचे फवारे आपोआप सुरू होतात. ते पाणी सातव्याखालच्या पाइपात उतरायला पंधरा मिनिटं लागतात, आणि तिथून ते गुपचूप तळ्यात जायला हवं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंपघरात फवाऱ्यांची वेळ अर्धा तास पुढं ढकलली आणि गर्दीत जाऊन उभे राहिले.

पावणेआठला महाराजांचा हात वर गेला. काही नाही. आठला दुसराही गेला. "माता संकोचते आहे. बूट काढा." सगळ्यांनी बूट काढले. मग मोजेही काढायला लावले. सव्वाआठला महाराज दमून खाली बसले, चहाचा घोट घेतला, आणि तोंडात चहा असतानाच भोक भडभडा वाहू लागलं.

"फवाऱ्यांची वेळ मी अर्धा तास पुढं ढकलली होती," काका म्हणाले. "मातेनं माझं ऐकलं, महाराजांचं नाही. चला तळ्यावर."

अनवाणी गर्दी तळ्याकाठी आली. पाइपाच्या तोंडात हिरवळीचा नीट कापलेला तुकडा गच्च कोंबलेला होता. काकांनी तो फावड्यानं उपसला, तसं पाणी धो धो तळ्यात पडलं, आणि त्यामागून गोल्फचे सत्तावीस चेंडू. भक्तांनी निचऱ्याची झाकणं उचलून मातेला वाहिलेले.

"हे तोंड कुणी बुजवलं?" काकांनी विचारलं.

सेक्रेटरीसाहेब खाकरले. "मीच. स्पर्धेच्या फोटोत वाईट दिसत होतं. तुम्ही रजेवर होता."

तिकडं भोक कोरडं झालं होतं. महाराज दुसऱ्याच कुणाचे तरी पांढरे बूट घालून पसार झाले होते.

काकांनी फावडं धुतलं. "सोमवारी मी येणार," ते म्हणाले. "आणि एवढं लक्षात ठेवा. पाणी वर आलं तर ते खाली कुठं अडलंय ते आधी बघा. हात जोडायला नंतरही वेळ असतो. तुम्ही दीडशे जण होता. एकानं वाकून पाहिलं असतं, तर माझ्या पोटावर पाय आला नसता."