इस्त्रीखाली गेलेली पानं

मित्रांनो, मला पाहिलं की लोक हमखास विचारतात, "याची बाकीची बटणं कुठं गेली?" कुठंही गेलेली नाहीत. मी एक जुना ब्रेल टाइपरायटर आहे. सहा कळा आणि मध्ये एक पट्टी, एवढ्यात माझं भागतं. कळा दाबल्या की जाड कागदावर ठिपके उठतात आणि ज्यांना दिसत नाही ती मुलं ते बोटांनी वाचतात. ओळ संपत आली की मी घंटी वाजवतो. त्याहून जास्त मला बोलता येत नाही, आणि त्याचीच मला आज चीड येते.

कारखान्यातून निघालो तो थेट अंध मुलांच्या शाळेत गेलो. मुलांनी मला यथेच्छ बडवलं. तेच माझे सुखाचे दिवस. पुढे नवी यंत्रं आली आणि मी कपाटात धूळ खात पडलो. मग एका संस्थेने मला बाहेर काढलं, तेलपाणी केलं आणि लाल फीत बांधून व्यासपीठावर ठेवलं. "आज एका कुटुंबाच्या आयुष्यात प्रकाश आला आहे," असं पाहुण्यांनी भाषणात सांगितलं. ज्या मुलीसाठी हा प्रकाश आणला होता, ती खुर्चीत पेंगत होती. टाळ्या झाल्या, फोटो निघाला आणि पाहुणे जेवायला गेले.

तिला घरी भिंगरी म्हणत. तिच्या आईबाबांचं कपडे इस्त्री करायचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत बिऱ्हाड. कपड्यावर सुरकुती दिसली की आईचा हात आपोआप इस्त्रीकडे जाई. तिच्या हातून गेलेल्या शर्टाला कुणी नाव ठेवत नसे.

संस्थेची एक शिक्षिका दर आठवड्याला येऊ लागली. ती शिकवायची चांगली, खोटं कशाला बोलू? पण आई दारात डोकावली की बाईंच्या कपाळाला आठ्या पडत.

"मॅडम, मलापण थोडं दाखवा ना," आई एकदा म्हणाली.

"तुम्हाला कशाला डोक्याला ताप? तुम्हाला दिसतंय की! तुम्ही बाहेरच थांबा, तिचं लक्ष जातं."

आई मुकाट्याने दुकानात जाऊन कॉलरी दाबत बसली. पुन्हा तिने विचारलं नाही. भिंगरी मात्र शिकली, झपाट्याने शिकली. आणि ती लिहायला लागते न लागते तोच संस्थेने कळवलं की प्रकल्प संपला. शिक्षिका यायची बंद झाली.

भिंगरीला कोपऱ्यावरच्या शाळेत जायचं होतं. गल्लीतली सगळी मुलं तिथेच जात. मुख्याध्यापिकाबाई आधी नाहीच म्हणत होत्या. बाबांनी फार गळ घातली, तेव्हा म्हणाल्या, "तिने स्वतः लिहिलेलं घेऊन या. माझ्यासमोर वाचून दाखवलं, तर वर्गात घेते."

भिंगरीने जिवाचं रान केलं. ओल्या कपड्यांचा वास, गिऱ्हाइकांच्या चपलांचे आवाज, बाबांचं बेसूर गुणगुणणं, सगळं तिने माझ्यावर लिहून काढलं.

"अगं, त्या मशीनला जरा श्वास घेऊ दे," बाबा म्हणायचे.

"मशीन श्वास घेत नाही, बाबा."

"मग तू तरी घे!"

शाळेत जायच्या दिवशी भिंगरी अंघोळीला गेली तेव्हा आईने ती पानं हातात घेतली. कागद कडांना वळलेला, वर घामोळं आल्यासारखे फोड. असली पानं मोठ्या बाईंपुढे ठेवायची? तिने पाण्याचा हबका मारला आणि एकेक पान इस्त्रीखाली घातलं.

"बघा, कशी नव्या चादरीसारखी झाली!" ती म्हणाली.

"झकास!" बाबा म्हणाले.

मी टेबलावरून पाहत होतो. माझा नुसता जळफळाट झाला.

शाळेत बाबांनी मलाही काखोटीला मारून नेलं होतं. भिंगरीने ऐटीत पहिलं पान पुढे ओढलं आणि बोट टेकवलं. बोट घसरत गेलं. तिने दुसरं पान चाचपलं, मग तिसरं.

"इथं काहीच नाहीये," ती पुटपुटली.

"घाबरली असेल. पुढच्या वर्षी बघू," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. ब्रेल त्यांनाही येत नव्हतं, आणि मी शेजारीच असताना पुन्हा लिहून दाखव म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

रस्त्यात भिंगरीने विचारलं, "आई, डोळ्यांसारखी माझी बोटंपण गेली का गं?"

घरी येताच बाबांनी शिक्षिकेला फोन लावला. "इस्त्री? अहो, ठिपके सपाट झाले ना सगळे! एवढं साधं कळत नाही तुम्हाला?" पलीकडून ती खेकसली. हिनेच आईला दाराबाहेर बसवलं होतं, आणि आता खापरही तिच्याच डोक्यावर!

आईने भिंगरीचे दोन्ही हात धरले. "तुझ्या बोटांना काही झालेलं नाही, बाळा. मीच पुसलं सगळं. मला वाटलं, चुरगळलंय."

"मग मला विचारायचं ना, आई," भिंगरी म्हणाली. ती रागावली असती तरी बरं झालं असतं.

थोड्या दिवसांनी संस्थेचे साहेब आले. त्यांच्या नव्या नियमाप्रमाणे मी शाळेत जाणाऱ्या मुलांसाठीच होतो आणि भिंगरीला तर प्रवेश मिळाला नव्हता.

"साहेब, शाळेच्या बाई आता ऐकायला तयार नाहीत, पुढच्या वर्षी पुन्हा जायचंय तिला. मशीन नेलंत तर लिहिणार कशावर?" बाबा म्हणाले.

"पुढच्या वर्षी अर्ज करा, बघू," साहेब म्हणाले आणि मला उचलून चालू लागले.

मित्रांनो, आता मी पुन्हा एका व्यासपीठावर आहे. फीत नवी आहे, भाषण तेच आहे. आत्मकथा सांगणाऱ्या माझ्यासारख्या सगळ्या वस्तू शेवटी तुमच्याजवळ काहीतरी मागतात. मला तेल घाला, मला जपा, असं मी म्हणणार नाही. समोर दुसऱ्या रांगेत एक आई बसली आहे. मांडीवर मुलगा आहे आणि ती मान वर करून माझ्याकडे एकटक पाहते आहे. फोटो नंतर काढा. आधी कुणीतरी तिच्याजवळ जा, तिचं बोट धरून या ठिपक्यांवर ठेवा आणि तिला सांगा, की तिचं लेकरू जे बोलेल ते इथं असेल.