एका आवाजासाठी निवडलेला अ‍ॅम्प्लिफायर

मित्रांनो, मारेगावच्या बसस्टँडमागे नजीरभाईंचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे खालच्या फळीवर एक जड लोखंडी डबा दिसेल. तो मी. मी अ‍ॅम्प्लिफायर आहे, पण लग्नाच्या मांडवात कर्णे गाजवणारा नव्हे. माझं काम हेडफोनपुरतं. टेपमधून आलेला दुबळा आवाज घ्यायचा, त्याला बळ द्यायचं आणि एकाच माणसाच्या कानापर्यंत नीट पोचवायचा.

मला नजीरभाईंनीच घडवलं. तेव्हा ते पंचविशीत होते. यवतमाळच्या एका संगीतशिक्षकांकडे भारी परदेशी हेडफोन होते, त्यांच्यासाठी नजीरभाई तीन महिने खपले. ट्रान्सफॉर्मरची तार त्यांनी स्वतःच्या हाताने गुंडाळली. त्याची गुणगुण आवाजात मिसळू नये म्हणून त्याला वेगळा कप्पा केला. शिक्षक मला अकरा वर्षं वापरत होते. माझ्यातून गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो, असं ते आल्यागेल्याला सांगत. ते वारले आणि घरच्यांनी मला परत दुकानात आणून ठेवलं.

मग माझ्यावर धूळ साचली. कापसाचे ते वाईट दिवस होते. भाव पडले होते, कापसातून सरकी काढणारं जिनिंग अर्ध्या हंगामातच थांबायचं. पोटाची चिंता असताना रेडिओ कोण दुरुस्त करणार? माझ्या अंगावर मोबाइलच्या चार्जरांची खोकी चढली. भंगारवाल्याने दोनदा मला उचलून वजनाचा अंदाज घेतला. दोन्ही वेळा नजीरभाई नुसतेच नाही म्हणाले.

दोन हजार आठच्या डिसेंबरात, एका शनिवारी सकाळी, तिघं जण दुकानात आले. एक सुनीतीबाई, कोर्टात टायपिस्ट. दुसरा त्यांचा भाचा साकेत, पुण्यात इंजिनियर. तिसऱ्या जमनीबाई, झरी जामणीकडच्या एका पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, साठी ओलांडलेल्या.

जमनीबाईंचं शेत जंगलाला लागून होतं. ते त्यांच्या घरात पिढ्यांपासून चालत आलं आहे, हे सरकारी समितीपुढे दाखवायचं होतं. मंगळवारी समिती जागा पाहायला येणार होती. जमनीबाईंचे वडील बळीराम यांनी शेताच्या चार कोपऱ्यांत खुणेचे दगड पुरले होते. तीन सापडले, चौथा सापडेना. आणि चौथ्या कोपऱ्याकडच्या दोन एकरांवरच हरकत होती. ती जमीन अलीकडे जंगल तोडून केली, असं कुणीतरी लिहून दिलं होतं.

बळीराम जाऊन तीस वर्षं झाली होती. पण सुनीतीबाईंचे वडील सदाशिव मास्तर त्या पोडावर शाळा चालवायचे, आणि त्यांना माणसांचे आवाज टेप करायचा नाद होता. त्यांच्या पेटीत एक कॅसेट निघाली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘बळीराम, शेताची हकिकत’. सुनीतीबाईंनी घरी ती मिनिटभर लावली. नुसती खरखर, आणि तिच्या तळाशी कुणीतरी कोलामीत पुटपुटत होतं. शिवाय टेपच्या हेडवर तपकिरी भुकटी जमली. फीत झडत होती.

नजीरभाईंनी भिंगातून फीत पाहिली आणि भिंग खाली ठेवलं. “एकदा वाजन बाई हे, लय झालं तर दोनदा. पयले मशीन ठरवा, मंग फीत लावा.”

साकेतने पुण्याहून मोठे हेडफोन आणले होते, सहाशे ओहमचे. फार बारकावे दाखवणारे, पण त्यांना हलवायला दाब जास्त लागतो. त्यासाठी एक चकचकीत नवा अ‍ॅम्प्लिफायरही आणला होता, तळहाताएवढा. त्याचे सगळे आकडे साकेतला पाठ होते.

मास्तरांच्या दुसऱ्या एका कॅसेटवर मुलं पाढे म्हणत होती. चाचणीला ती घेतली. नव्या अ‍ॅम्प्लिफायरवर आवाज पुरेना, आणि पूर्ण वाढवला की प्रत्येक शब्दाची कड फाटायची. साकेतचा चेहरा उतरला. मग दुकानातलं मांडवात वाजणारं मोठं यंत्र लावलं. त्याच्यात ताकद भरपूर, पण घरघर एवढी की पाढे तिच्यात बुडाले. वर हेडफोन जळायची भीती.

साडेदहा वाजले होते. बाराला लोडशेडिंग. रविवारी दिवसभर वीज नसणार होती, आणि सोमवारी जमनीबाईंना पोडावर पोचायचं होतं.

नजीरभाईंनी चार्जरांची खोकी बाजूला केली आणि मला वर घेतलं. साकेत हळूच म्हणाला, “चाचा, हा किती वर्षं बंद आहे?”

“आठ.”

मित्रांनो, मला त्या वेळी अभिमान वाटला नाही, धास्ती वाटली. माझी व्हॉल्यूमची चावी कुरकुरत होती. वीज साठवणारे माझे दोन मोठे कपॅसिटर सुकले होते. त्यांच्यापायी मी ऐन वेळी बंद पडलो असतो, तर फीत फुकट झडली असती. नजीरभाईंनी ते काढून नवे बसवले, चावी धुतली, सांधे पुन्हा डाग देऊन पक्के केले.

सव्वाअकराला त्यांनी मला सुरू केलं आणि हेडफोन सुनीतीबाईंच्या कानावर ठेवले. “आता काहीच वाजवत नाही. निस्तं आयका.”

सुनीतीबाईंनी डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “काहीच नाही. सुरू केलाय ना?”

“सुरू हाये. आपल्याले असाच पाह्यजे.”

मग पाढ्यांची कॅसेट लावली. मागच्या रांगेतली एक मुलगी साताच्या पाढ्यात चुकते, तेही त्यांना ऐकू आलं. साकेतने स्वतः ऐकलं आणि आपला नवा अ‍ॅम्प्लिफायर पिशवीत ठेवला. सोबत रेकॉर्डर जोडून पाहावा असं त्याने सुचवलं, पण तो जोडला की आवाज दबायचा. म्हणून काढला.

हेडफोन जमनीबाईंच्या कानावर चढले, कारण कोलामी फक्त त्यांनाच समजणार होती. सुनीतीबाई वही घेऊन समोर बसल्या. टेप मास्तरांचाच होता, सेलवर चालणारा. मी मात्र विजेवर.

आवाज आला. मी तो जपून, जराही न ताणता पुढे दिला. जमनीबाईंचा हात तोंडावर गेला. मग वडील जसं बोलत तसं मराठीत सांगू लागल्या. पहिला दगड, दुसरा, तिसरा. चौथा टेंभुर्णीच्या झाडापाशी, नाल्यापासून वीस पावलं. सुनीतीबाईंनी लिहिलं आणि थांबल्या. नाल्याच्या या बाजूची टेंभुर्णी तर सगळ्यांनी खणून पाहिली होती.

तेवढ्यात वीज गेली. बाराला अजून दहा मिनिटं होती.

पंखा थांबला. टेप फिरतच राहिला आणि फितीवर बळीराम बोलतच होते. माझ्या नव्या कपॅसिटरांत साठलेली वीज काय ती उरली होती. तीन सेकंद, फार तर चार. मी तेवढी सगळी ओतली. आवाज बसत गेला, आणि विझला.

नजीरभाईंनी टेप बंद केला. जमनीबाईंनी हेडफोन काढले नाहीत.

“पल्याड म्हन्ते माहा बा,” त्या म्हणाल्या. “पुरात नाला फिरला. गोटा पल्याडच राह्यला.”

मंगळवारी मी तिथे नव्हतो. सुनीतीबाईंनी नंतर दुकानात येऊन सांगितलं. नाल्यापलीकडे टेंभुर्णीचं नुसतं खोड उरलं होतं. हातभर खणल्यावर छिन्नीची फुली असलेला दगड लागला, बाकी तीन दगडांसारखाच. समितीने माप घेतलं. निकाल यायला सव्वा वर्ष गेलं. दोनपैकी दीड एकर कागदावर आलं, अर्धं अजून वादातच आहे. जमनीबाईंनी त्या दीड एकरात कपाशीऐवजी तूर पेरली.

वडिलांचा आवाज पुन्हा ऐकायला त्या एकदा आल्या होत्या. फीत लावली आणि ती दोन ठिकाणी तुटली. नजीरभाईंनी खूप खटपट केली. जमनीबाईंनीच त्यांना राहू द्या म्हटलं.

आता नजीरभाई दर महिन्याला मला तासभर सुरू करतात. मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांना कापडात गुंडाळून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. आम्हाला वापरा, पुसा, बिघडलं तर नीट करा. यंत्र निवडताना त्याची चमक आणि आकडे पाहाच, पण त्याआधी ते गप्प किती राहतं ते ऐका. आणि तुमच्या घरी कुणाचा आवाज एखाद्या जुन्या फितीवर असेल, तर तो ऐकायला गरज पडेपर्यंत थांबू नका.