रोवण्यातली बॅटरी

घरामागच्या सिमेंटच्या टाक्यात मी रोहू-कटल्याचे जिरे वाढवत होतो. जिरे म्हणजे माशांची अगदी कोवळी पिल्ले, दिसतातही जिऱ्याएवढीच. एवढ्याशा पाण्यात इतकी पिल्ले जगवायची तर सतत हवा सोडावी लागते. त्यासाठी एक छोटा पंप होता, पंपासाठी इन्व्हर्टर आणि ट्रकच्या दोन जुन्या बॅटऱ्या. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. होऊन गावात परतलेला मी एकटाच. बरोबरीचे सगळे गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात लागले होते. बहीण डिंपलही तिकडेच दिली होती, तिचा नवरा कारखान्यात फिटर. पिल्ले बोटभर झाली आणि मच्छी सोसायटीने घेतली, तर मी गावात राहणार होतो. नाहीतर मलाही गडचांदूर.

विजेची लाईन रोज जायची. त्यावर मी उपाय केला होता. सोमाजीकाकांच्या धानगिरणीच्या डिझेल इंजिनला पट्ट्याने एक जुना अल्टरनेटर जोडला होता. लाईन गेली की एक बॅटरी घरी पंपावर आणि दुसरी सायकलवरून गिरणीत. बायकांचे धान भरडले जाईपर्यंत बॅटरी भरून निघे. जूनभर गिरणी सकाळपासून धडधडत होती. मी करंट मोजला, ॲसिडची घनता मोजली. हिशेब जमत होता.

जुलैत वादळ झाले. जंगलात लाईनवर साग पडले, खांब वाकले. सकाळी उतरलेली बॅटरी घेऊन गेलो तर गिरणीला कुलूप.

काका धानाच्या बांधीत, शेतात सापडले, गुडघाभर चिखलात. रोवणा सुरू झाला होता. ओळीने वाकलेल्या बायका धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपे, लावत होत्या.

"काका, गिरणी नाई उघडत?"

"रोवण्यात कोन भरडते बे? सगळ्याइनं आधीच तांदूर भरून ठेवले."

त्यांच्यातल्या गिरजाबाई मान वर न करता म्हणाल्या, "तुयी माय बी भरली. तूच तं पोतं आनलं होतं सायकलवर. मोठा शिकला."

बायका हसल्या. पोते मीच आणले होते. जूनभर मी जे मोजत होतो, ती रोवण्याआधीची घाई होती. तिच्यावरून मी वर्षाचा अंदाज बांधला होता.

"चाबी घे," काका म्हणाले. "हँडल मात्र तूच मार. मी चिखल सोडून येत नाई."

गिरणीत जाण्याआधी मी घरी डोकावलो. बाबा ओसरीत जाळे सांधत होते. मी म्हटले, "पंप बंद पडला तं लोट्यानं पानी उंचावरून टाकत राहा. थांबू नका."

"तलावात कोन टाकते?"

"तलाव मोठा आहे, बाबा."

त्यांनी जाळे बाजूला ठेवले.

त्या इंजिनला दोन माणसे लागतात. एक हँडल फिरवतो, वेग आला की दुसरा लिव्हर पाडतो. मी एकटा दोन्ही करू पाहत होतो. खांदा भरून आला तेव्हा कुठे काळा धूर सोडत ते सुरू झाले. आवाज ऐकून चिमण्या आल्या. धान नव्हते. थोडा वेळ आढ्यावर बसून त्या निघून गेल्या.

इतकी उतरलेली बॅटरी घाईने भरता येत नाही, तापते. मी तिच्या अंगाला हात लावून बसलो. अख्खा गाव बांध्यांत होता. दारावरून कोणी गेले नाही. कोणाशी तरी बोलावे म्हणून मी मीटरचे आकडे मोठ्याने म्हणत होतो. इंजिनाच्या आवाजात ते मलाही ऐकू येत नव्हते.

दिवस कलता घरी आलो. टाक्यातले पाणी स्थिर होते. तळाशी मेलेल्या पिल्लांचा पांढुरका थर होता. वर एकही हलत नव्हते.

बाबा भिंतीला टेकून उजवा दंड चोळत होते. "दुपारीच बसली तुयी बॅटरी. पानी टाकलो, टाकलो, मंग हात उचलेना. पिल्लं वर येऊन तोंड मारून राह्यले होते. घागरीत घेतलो अन् तलावात सोडलो."

"किती?"

"जिवंत होते तेवढे."

तलावात पिल्ले गिळणारे मरळ मासे होते, काठाला बगळे. एवढ्या कोवळ्या पिल्लांतली किती वाचतात, ते मी परीक्षेत लिहिले होते. पण टाक्यात एकही वाचले नसते. 

"भरली का बॅटरी?" बाबांनी विचारले.

"भरली."

"मंग लाईट लाव. तुयी माय येते आता."

मी बल्ब लावला. गल्लीत आमच्याच घरी उजेड होता. आई रोवण्यावरून आली, मांड्यांपर्यंत चिखल. तिने पाय धुतले, टाक्यात वाकून बघितले, मग बाबांच्या दंडाकडे पाहिले. 

"पानी सोडून दे," ती म्हणाली. "डास होतीन."

मी टाक्याचे बूच काढले. पाणी परसात पसरत गेले. आई ते बघत उभी राहिली.

"डिंपलच्या नवऱ्याले सांगू का तुयं?"

"सांग," मी म्हटले.