दवाखान्यातला बोलका साचा

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. विटा पाडायचा नव्हे, मूर्ती ओतायचाही नव्हे; संगणकात राहणारा. डोळ्यांच्या दवाखान्यातून पेशंट घरी निघाला की डॉक्टर माझ्यात त्याच्या औषधांची माहिती भरतात आणि माझी प्रत त्याच्या मोबाइलवर जाते. कोणते थेंब कधी घालायचे, कधी धावत दवाखान्यात यायचं, हे सांगणं माझं काम.

मला घडवलं दवाखान्याच्या कार्यालयातल्या एका ताईने. टेबलावर तिचा चहा निवून जायचा, तरी पडद्यावरची नजर हलत नसे. तिने मला नाजूक, फिकट राखाडी अक्षरं दिली. सकाळच्या औषधापुढे लाल ठिपका, संध्याकाळच्या औषधापुढे हिरवा. माहिती भरली की माझं एक सुबक चित्र होऊन बाहेर पडायचं.

"अगं, लग्नपत्रिकेसारखा दिसतोय की!" सिस्टर म्हणाल्या. मी तर हरभऱ्याच्या झाडावरच चढलो.

पुढे एका काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यांचे यजमान रेडिओ दुरुस्त करत, म्हणून सगळे त्यांना रेडिओकाका म्हणत. काकांना जन्मापासून दिसत नव्हतं. घरात स्वयंपाक त्यांचा आणि वाचन काकूंचं. काकू नसल्या की मोबाइल त्यांना पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवायचा.

घरी गेल्यावर दुपारी काकूंचा डोळा ठणकू लागला. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने सगळं धूसर. काकांनी मला उघडलं.

"चित्र," मोबाइल म्हणाला.

काकांनी पुन्हा बोट फिरवलं. "चित्र."

"अहो, काय म्हणतोय तो?"

"चित्र म्हणतोय."

"कसलं चित्र?"

"ते तुला दिसलं तर तूच सांग बाई!"

काकूंनी मोबाइल अगदी नाकाशी धरला. फिकट अक्षरं काही लागेनात. पुढ्यात औषधाच्या दोन सारख्याच बाटल्या. काका एक उचलत, पुन्हा खाली ठेवत. मला सगळं ठाऊक होतं, मी त्यांच्याच हातात होतो, आणि मला वाचाच नव्हती. मित्रांनो, तेव्हा मला माझ्या देखणेपणाची लाज वाटली.

शेवटी काकांनी दवाखान्यात फोन लावला. "ठणकतोय?" सिस्टर ओरडल्याच. "मग थेंबांचं राहू द्या, तसेच निघा! त्यात लिहिलंय ना!"

डोळ्यातला दाब वाढला होता. आणखी उशीर झाला असता तर तो डोळा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर बाकावर बसलेले काका विचारपूस करायला आलेल्या ताईला एवढंच म्हणाले, "लिहिलं असेल हो पोरी, पण आमच्यासाठी ते कोरंच होतं."

ताईचा चेहरा उतरला. मग ती त्यांच्या शेजारी बसली. "काका, तुमचा मोबाइल कसा वाचतो, मला ऐकवाल?"

तिने मला पुन्हा घडवायला घेतलं. चित्र काढून खरी अक्षरं घातली, ठळक आणि काळीभोर. पण पहिल्याच वाचनात मोबाइल सुटला, "थेंब, गोळी, मलम, सकाळी, संध्याकाळी, रात्री..."

काका हसू लागले. "ही तर बाराखडी झाली! कुठलं कधी घ्यायचं?"

मग ठिपके गेले आणि प्रत्येक औषधाचं एकेक पूर्ण वाक्य झालं. धोक्याची सूचना सर्वांत वर आली. काकूंनीही भर घातली. "आणि ते 'सेवन करावे' कशाला गं? सरळ 'घ्या' म्हण ना!"

माझी सजावट गेली, पण मला वाचा फुटली.

वर्ष सरलं. नवे साहेब आले. मी त्यांना फारच साधा वाटलो. त्यांनी माझ्या माथ्यावर रंगीत चित्राची एक पट्टी चिकटवली आणि दवाखान्याचा फोन नंबर त्या चित्रात घातला. वरवर काहीच बिघडलं नव्हतं. काकूंच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर काकांनीच कळवलं, "अहो, तुमचा नंबर मुका झालाय." ताईने साहेबांना पडदा झाकून मला नुसतं ऐकायला लावलं. त्याच दिवशी पट्टी निघाली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही एखादी सूचना, एखादं आमंत्रण तयार कराल. ते देखणं जरूर करा. पण ज्यांच्यासाठी करताय त्यांना आधी शेजारी बसवा, आणि माझ्यासारख्याला हात लावाल तेव्हा डोळे मिटून एकदा ऐकून पाहा.

आज सकाळीच मी एका आजींच्या मोबाइलवर होतो. त्यांनी मला शेवटपर्यंत ऐकलं, चाचपून बाटली उचलली, थेंब घातले आणि दारात खोळंबलेल्या सुनेला म्हणाल्या, "तू जा गं कामाला. माझं मी बघते."